सर्वांत जवळची नोंद

केदूनाना आहेर रिटायर झाले तेव्हा
कंपनीनं त्यांना घड्याळ दिलं
आणि त्यांच्या सात वह्या मला.

सातपूरच्या शेडमधल्या सव्वीस वर्षांच्या बिघाडांचा
तेलकट बोटांनी लिहिलेला हिशोब:
दाब चढत नाही. पंप किंचाळतो.
अर्धा तास रिकामा चालवला. चढला.
खाली सही, आणि कधी कधी उगाच
एखादी ओळ. आज डबा विसरलो.
दुतोंड्याच्या कमरेला पाणी, सेकंड शिफ्ट अर्धीच आली.

मी सगळं टाइप केलं.
मशीन, लक्षण, उपाय, निकाल. चार रकाने.
डब्याला रकाना नव्हता, मारुतीलाही नाही.
एक हजार नऊशे चाळीस नोंदी
आणि एक प्रोग्राम, ज्याला नवं काही सुचत नाही,
तो एवढंच विचारतो, असं आधी कधी झालं होतं?
आणि काढून देतो पोटातून
आजच्या दुखण्याच्या सर्वांत जवळचं जुनं दुखणं.

मेमध्ये, दुपारी तीनला, चार नंबरचा प्रेस बसला.
दाब चढेना, पंप किंचाळायला लागला.
लक्षणं भरली. पापणी लवायच्या आत
नोंद दोनशे बारा, साम्य ब्याण्णव टक्के.
ब्याण्णव! मी सुपरवायझरकडे असं बघितलं
जणू दहावीचा निकाल माझाच.
अर्धा तास रिकामा चालवायचा होता.
पंचविसाव्या मिनिटाला प्रेसनं तेल ओकलं.

संध्याकाळी वही घेऊन ओझरला गेले.
नाना भावाच्या बागेत, मांडवाखाली,
एप्रिल छाटणीनंतरची फूट विरळत होते.
दोनशे बारा वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.
"ही थंडीतली आहे, पोरी.
तेल तुपासारखं थिजलं होतं, त्याला ऊब हवी होती.
आता ते आधीच उकळतंय, तू आणखी पळवलंस.
कूलर उघड. नळीत क्षार बसला असेल."

पण महिना कुठे लिहिलाय, नाना?

"लिहायचा कशाला? थंडी मला वाजत होती की."

मग कात्री माझ्या हातात दिली.
वेल हीच, कात्री हीच.
एप्रिलात एका डोळ्यावर कापायचं,
ऑक्टोबरात गाठीच्या पुढे डोळे राखून.
"एकाची आठवण दुसऱ्यात चालवलीस
तर बाग वर्षभर बोलत राहते."

क्षार होता. बोटभर.

त्या रात्री पाचवा रकाना केला, महिना,
आणि तो भरायला परत त्याच ओळींकडे गेले
ज्या मी गाळल्या होत्या.
दुतोंड्याची कमर: बहुतेक ऑगस्ट.
"धाकटीचा बारावीचा पेपर": फेब्रुवारी, फार तर मार्च.
"हातमोजे घालून पाना धरवत नाही":
दोनशे बाराच्या खालीच होती ही ओळ.

डबा विसरल्याचा दिवस मात्र
कुठल्या महिन्यात घालावा कळेना.
तो तसाच ठेवलाय,
रकाना रिकामा.