घर कुठं

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथ चालवली.
आता थोरलीच्या जुन्या लॅपटॉपला
सर्व्हर म्हणायला शिकतोय.

पहिलाच प्रश्न: घर कुठं?
नकाशा पसरला.
बोट जाड, टाचणी सरकली,
रेघ ओलांडून थेट चंदगडात पडली.
उचलून वडगावात आणली,
आमच्या बोळात, नळाशेजारी.

दीडला वीज गेली.
पुन्हा पहिल्यापासून.
पासवर्ड दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून ठेवला.

पहाटे एक बल्ब सापडला.
नाव द्या, म्हणाला. 'सोपा' लिहिलं.
शिवलीला चुलीपुढनं म्हणाली,
"दीपा हच्रि."
यंत्र गप्प.
मी फोनवर बोट टेकवलं,
आणि न्हाणीत लख्ख उजेड.

"असू दे की," ती म्हणाली,
"पाल तरी दिसली."