अर्धं पातं

गजानन लक्षणे पातं मधोमध मोडतो,
कागदासकट, एका झटक्यात.
अर्धं वस्तऱ्यात, अर्धं खणात.
सक्करदऱ्यात त्याच्याकडं मी दहा वर्षं बसतोय.
पण त्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी,
कूलर असा घरघरत होता
की तो 'टक्' मला ऐकूच आला नाही.

माझ्याआधी खुर्चीत एक हडकुळा माणूस होता.
गाल बसलेले. एवढंच.
एवढ्यावर मी अख्खा खटला उभा केला.

हनुवटीखाली चिरलं. मोहरीएवढं रक्त.
गजाननने तुरटी फिरवली,
"काही नाही होत ना बाप्पा."

त्या रात्रीपासून दिवस मोजतोय.
बाइंडिंगच्या कारखान्यात कागद बोट कापतो रोजच,
आता प्रत्येक चिरेला तारीख आहे.
काखेत गाठ चाचपतो, आरशात जीभ काढून बघतो,
मे महिन्यात अंग तापलं
तर ते नागपूर की मी, कळत नाही.
भावानं माझा रेझर उचलला
तर मी असा ओरडलो की तो बघतच राहिला,
"काऊन बे, झालं काय तुले?"
आईचं बोट विळीवर कापलं, तिनं ते तोंडात घातलं,
आणि मी, जवळ जायचं सोडून,
पाणी आणतो म्हणून उठलो.

नव्वदाव्या दिवशी मेडिकल. बाक. पंखा.
नाकाडे मॅडम हळू आवाजात विचारतात,
संबंध? सुई? कधी रक्त चढवलं?
नाही. नाही. नाही.
वस्तरा, मी म्हणतो.
त्या हसत नाहीत.
"बाहेर, वाळल्या रक्तात तो विषाणू टिकत नाही हो.
न्हाव्याकडून झालेला एकही माणूस
चौदा वर्षांत या खुर्चीत बसला नाही.
पातं मात्र नवंच मागा. काविळीला तेवढं पुरतं."
त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.
सुईच्या आधी मला तीच दिसली,
आणि माझी मलाच लाज वाटली.

बाहेर, औषधाच्या रांगेत, तो.
हडकुळा. पिशवीत गोळ्यांच्या डब्या खुळखुळत.
मी मान वळवायच्या आत तोच बोलला,
"लक्षण्याकडं पाह्यलं तुम्हाले.
माझा वस्तरा मी घरूनच नेतो. टॉवेल बी.
त्याले पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं,
पाच वर्षं झाली.
पण त्याचा हात कधी कापला नाही."

कापला.
हा शब्द मी तीन महिने
एकाच अर्थानं वाचत होतो.

रिपोर्ट तासाभरात आला. हवा होता तोच.
घडी करून खिशात घातला,
सायकल काढली,
हलकं वाटायची वाट बघत मेडिकल चौक ओलांडला.

आज गजाननने कूलर बंद करून पातं मोडलं.
टक्.
काही बोलला नाही, मीही नाही.
त्यानं माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली.
खुर्चीच्या दांड्यावर
हात कापत होता,
तो माझा.