तीन मिनिटं

फळ्यावरच फ्लेक्स लावलाय: 'उत्कृष्ट अध्यापन',
खाली सोलकर सरांचा फोटो, नेमका डोळे मिटलेला.
शोधनिबंध किती, ते कुलगुरूंनी वाचून दाखवलं.
रकान्यात न बसणारं मी बोलायचंय,
दोन मिनिटांत.

सर, तुम्ही विचारलं होतंत, भरती रोज उशिरा का येते,
आणि विचारून खिडकीशी जाऊन उभे राहिलात.
इतका वेळ गप्प राहिलेला शिक्षक
मी तोवर पाहिला नव्हता.
भाट्याच्या खाडीत ओहोटी, वर्गात पंखा.
शेवटी मीच म्हटलं,
तिथीची पाऊणपट केली का भरतीची वेळ,
आजोबा सांगतात.

वर्ग हसला. मागचा बाक जरा जास्तच.
तुम्ही खडू घेतलात,
वाक्य जसंच्या तसं कोपऱ्यात लिहिलंत, 'केली का' सकट.
भोवती चौकट. शेजारी नाव: धाकू तांडेल, खलाशी.
खाली दोन शब्द: पुसू नये.

तीन आठवडे आम्ही त्या चौकटीभोवती फिरलो.
चंद्र आला, कोन आले,
मिऱ्याच्या धक्क्यावर जाऊन टिपलेल्या वेळा आल्या,
आणि एका गुरुवारी माझ्याच हातून उतरले
तिथीमागे अठ्ठेचाळीस.
आजोबांचे पंचेचाळीस.

चुकलेच की, मी म्हणणार होते.
तुम्ही म्हणालात, थांब.
पाऊणकी त्यांना पाठ होती,
अठ्ठेचाळिसाचा पाढा होडीत कोण म्हणतं?
बरं, आता सांग,
पौर्णिमेपर्यंत या तिनांचं काय होतं?

पाऊण तास होतो, सर.
रात्री घरी हे मोठ्या ऐटीत सांगितलं
तर म्हातारा विडी विझवत म्हणाला,
"पुनवेला वायच थांबायचा. दर्या उशीर करतो."

दुसऱ्या दिवशी तेही चौकटीत गेलं.

आज मी बंदर खात्यात भरतीची कोष्टकं तपासते.
आकडा जुळला नाही की आधी खोडत नाही,
कुणाचा आहे ते विचारते.
एवढंच सांगायचं होतं.

टाळ्या चालू असताना
खाऱ्या वाऱ्यानं फ्लेक्सची एक पट्टी सुटली.
मागे चौकटीची कड दिसली, आत कुणाचं तरी
अर्धं वाक्य. मला लागलं नाही.
तुम्ही मात्र शाल सावरत
झटकन मागे वळून पाहिलंत,
पुसलं तर नाही ना.