चौथं ब्युरेट

डिचोलीच्या शाळेत यंदा
दोन वर्षांचं विज्ञान एका वर्षात उरकायचं ठरलंय.
अठरा मुलं, निवडून काढलेली.
फळा वाळायच्या आत पुढचं सूत्र.

मी प्रयोगशाळेचा शिपाई.
बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय.
चौथ्या ब्युरेटची तोटी बुडाशी झिरपते, हे
प्रभुगावकर सरांना ठाऊक नाही. मला आहे.

साडेसहाला मयेची बस,
आणि पूर्वजा माजीकचा फ्लास्क अजून बिनरंगी.
बाकीचे आकडे लिहून मोकळे;
एकाने तर घरूनच लिहून आणलेले.
ती थेंब सोडते, फ्लास्क फिरवते, थांबते.
गुलाबी येतो, विरतो.
येतो,
विरतो.

सर घड्याळ बघतात. "आटपा, पुढचा धडा राहिलाय."
मी उगाच किल्ल्या शोधत बसतो,
खिशातच असलेल्या.

मग अर्धा थेंब,
टोकावरून पाण्याने अलगद उतरवलेला,
आणि नारळाचं दूध जास्त झालेल्या सोलकढीचा
तो फिकट रंग
राहिला.

बस केव्हाच गेली होती.
वही मिटताना ती मला हळूच म्हणाली,
"काका, ही तोटी झिरपते.
तीन थेंब बाहेर गेले,
वजा केलेत."