उटी

हेळवाकला चहा घेतला तेव्हा सव्वातीन वाजले होते.
गाडीत कराडच्या गुळाच्या ढेपा, नऊ टन,
वर ताडपत्री, ताडपत्रीवर दव,
आणि दवाच्या पलीकडे काही नव्हतंच.
टपरीवाला म्हणाला, उजाडू द्या की.
बरं, म्हणाले इलाही मुजावर,
आणि खरंच बसून राहिले
न पेटवलेली विडी ओठांत धरून.

मी तेव्हा सतरा वर्षांचा किन्नर.
मागनं आलेल्या दोन गाड्या पुढं गेल्या,
माझा जीव वरखाली.
"धुकं धरणातनं येतं," ते म्हणाले,
"त्याला घर हाय, ते जाईल घरी.
घाई कुणाला हाय? गुळाला?"

पाचच्या सुमाराला रस्त्याचा पांढरा पट्टा दिसला,
तोही तुटका तुटका.
माथ्यावरच्या देवळापाशी त्यांनी खिडकीतनं रुपया टाकला,
तो सगळेच टाकतात.
मग खाली उतरून हवेचा काटा बघितला,
हातोडीनं एकेक टायर वाजवला, कान लावून,
ते सगळे करत नाहीत.

"ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर."
एवढंच सांगितलं, एकदाच.
न्यूट्रल मारून डिझेल वाचवणाऱ्यांची नावं
त्यांना पाठ होती, गावासकट, वळणासकट.

कुंभार्लीचं पहिलं वळण मी चालत उतरलो,
पाठीला पांढरा टॉवेल बांधून, हातात बॅटरी,
डाव्या पायाखाली कठडा आहे का ते चाचपत.
मागे गाडी दुसऱ्या गिअरात गुरगुरत होती
आणि माझ्या टॉवेलवर तिचा पिवळा उजेड.
आयुष्यात इतकं जपून
माझ्या मागनं कुणी आलं नव्हतं.

चौथ्या वळणाला वास आला.
काकवी कढईला लागावी तसा,
पण गूळ नव्हता तो, लायनर होते.
गाडी डोंगराच्या अंगाला घेतली.
"उटी लाव."
मी दरीकडचा एक दगड ओढून आणला,
चाकाखाली सारला, लाथेनं बसवला.
डबा घेऊन ड्रमवर पाणी ओतायला गेलो
तर मनगट धरलं त्यांनी.
"तडकंल. निवू दे आपआपलं."
अर्धा तास आम्ही लोखंड निवण्याचा
टिक टिक आवाज ऐकत बसलो.
थंडीनं माझे दात, तिकडे ड्रम.

निघालो. दोन वळणं खाली आल्यावर म्हणाले,
"दगड उचललास?"
मी म्हणालो, हो.
एक वळण गेलं.
मी म्हणालो, नाही.

ते ओरडले नाहीत.
जागा मिळाली तिथं गाडी लावली, लाकडी ठोकळा घातला,
आणि बॅटरी घेऊन वर निघाले,
दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत.
मी येतो म्हणालो. "गाडीपाशी थांब."

धुक्यात माणूस दहा पावलांत संपतो.
मग वरनं एक मोटरसायकल ऐकू आली,
दुधाच्या किटल्यांचा खडखडाट,
वळणावर वळण घेत खाली.
मी मोजू लागलो. काय मोजत होतो माहीत नाही.
किटल्या एकदम थांबल्या.
दरीत कुठंतरी कोंबडा आरवला.
पुन्हा खडखडाट सुरू झाला.
माझ्या शेजारनं गेला तो माणूस,
कानटोपीतनं "राम राम" म्हणत.
त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं इलाहीभाई आले,
दगड काखेत, तान्हं पोर धरावं तसा.
माझ्या पायापाशी ठेवला.
"हा तुझा."
चिपळूणपर्यंत पुढं एक शब्द नाही.

आता ते विट्याला लेकीकडे असतात.
मी गाडी चालवतो, दगड केबिनमध्येच असतो.
मधे उंब्रजच्या पंक्चरवाल्यानं
देव समजून त्याला कुंकू लावलं.
मी पुसलं नाही.
चाकाखाली घालताना
तेवढी बाजू वर येईल असं बघतो,
आणि निघताना पोराला विचारतो,
पोरगं हो म्हणालं तरी
एकदा खाली वाकून बघतो.