विहिरीतला आवाज

फॅक्टरीत बोलायला बंदी आहे, ऐकायला नाही.
डाव्या कानात वायर, उजवा कान मुकादमासाठी,
हातात काजू. अख्खा, पाकळी, तुकडा, अख्खा.
एक टोपली सोलून होईतो एक अध्याय संपतो.
तेलाने बोटांची कातडी गेलेली,
फोन माझा अंगठा ओळखत नाही,
त्यामुळे एकदा लावलेलं पुस्तक
आवडो न आवडो, सुट्टीपर्यंत ऐकावंच लागतं.

तीन वर्षांत पुष्कळ ऐकलं.
संतांची चरित्रं, मिशनरी बायकांची पत्रं,
तुरुंगात देव भेटलेल्या माणसांच्या हकिकती.
पाद्री म्हणाले, छान, छान.
कसं वाचतात ते मात्र विचारलं नाही.

देवाला हे लोक नेहमी विहिरीत बसवतात.
तो बोलला की घुमतो.
उभादांड्याच्या कोपेलात मी चाळीस वर्षं जाते,
माझ्याशी कधी तो घुमून बोलला नाही.
बोललाच असेल तर मागच्या बाकावरून,
कुणी घसा साफ करावा तसा.

आणि ते व्हायोलिन!
रडणाराला अजून बातमी कळलेली नसते
आणि ह्याचं सुरू.
आमच्या इनासची होडी मिळाली, इनास नाही,
हे सांगायला तांडेल आला तेव्हा
दारात उभा राहून आधी म्हणाला,
"सिलिंडर इलो काय गो?"
मी म्हटलं, इलो.
मग बराच वेळ तो उंबऱ्याकडे बघत राहिला.
एवढी जागा ठेवा की वाचताना.

वादळ आलं की वाचणारा ओरडतो.
वादळात कोण ओरडतं?
ऐकू जात नाही, म्हणून हात दाखवतात.
मासेमार जाळी टाकून त्याच्या मागे निघाले,
हे तर एका दमात, पायऱ्या उतरावं तसं.
जाळं ओलं होतं का, कुणाच्या भरवशावर टाकलं,
घरी कुणी निरोप नेला?
ज्याने जन्मात धाग्याचा भाव विचारला नाही
त्याने निदान तिथे एक श्वास घ्यावा.

भाचा म्हणतो, मावशी, दीडपट वेगाने लाव, लवकर होईल.
दीडपट वेगाने कोणाचा उपास सुटलाय, रॉयसन?

एक बाई मात्र आवडली.
कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यातल्या नर्सची गोष्ट वाचते,
नाव शेवटी सांगतात, तेव्हा नेमका भोंगा होतो.
नवव्या अध्यायात ती आवंढा गिळते.
पान उलटल्याचं ऐकू येतं,
आणि लांब कुठेतरी कुकरची शिट्टी,
कापायची राहून गेलेली.
त्या शिट्टीनंतर माझा विश्वास बसला.
पुस्तकावर की बाईवर, ते नाही सांगता येत.

तसे आमचे पास्कोलमास्तर वाचायचे,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
ओळ चुकायची, तीच पुन्हा वाचायचे,
मुलं हसायची.
बाकी सगळं विसरले मी,
दोनदा वाचलेल्या ओळी तेवढ्या राहिल्या.

तर हे असं मी सगळ्यांना सांगत फिरायची.
शेवटी कार्मेलीन म्हणाली, तिला आता दिसत नाही,
"एवढा कळता तर तूच वाच."

रात्री वाचलं.
फ्रिज गुरगुरतो म्हणून डोक्यावर गोधडी,
आत फोन, बॅटरी, मी आणि घाम.
सकाळी टोपलीपाशी लावून ऐकलं.
बायकांचे आवाज बरे होते. म्हातारा बरा होता.
आणि देवाचं बोलणं आलं,
तसा माझा आवाज, कुणी न सांगता,
पायरी पायरीने विहिरीत उतरला.
माझाच. गोधडीखाली घुमतोय.

त्या दिवशी पाकळ्याच जास्त झाल्या.
मुकादम बोलला. मी ऐकलं, दोन्ही कानांनी.

कार्मेलीनला तसंच नेऊन दिलं.
ती अंगणात भिंतीला टेकून ऐकत बसली, संपेपर्यंत.
म्हणाली, "बरां वाचलंस. मधी कुत्रो भुंकता,
ता काढू नको."

काढलं नाही.
देव मात्र पुन्हा वाचला, तीनदा.
तिसऱ्या वेळेला घसा बसला होता,
तोच ठेवला.