दम

घोडपदेवच्या मैदानात पाच वाजता
मी आधी माती चाळतो.
खडा राहिला तर गुडघ्यात जातो, पोरींना सांगतो,
आणि माझा उजवा गुडघा दाखवत नाही.
चुना मारायला तांडेलांची रेश्मा पुढे होते.
पहाटे आईबरोबर भाऊच्या धक्क्यावर टोपल्या उचललेल्या,
हात भरलेले, मध्यरेषा दर वेळी जरा वाकडी.
मी काही बोलत नाही.
बोलणं मला मुळात येतच नाही.

एकवीस वर्षं मी एकच शब्द बोललो.
समोर सात जण, पाठीमागे रेषा,
छातीत मावेल तेवढी हवा, आणि तो शब्द,
घासून घासून अर्थ उडालेला.
त्यावर माझं घर चाललं.
आधी गोदीत हंगामी, मग बँकेत खेळाडूंच्या जागेवर:
सकाळी दोन तास चेकवर शिक्के, मग सराव.
साहेब म्हणायचे, बगळ्या, मस्टरवर सही तरी करून जा.
बगळ्या हे नाव पायांमुळे.
बाकी मी उंच कधीच नव्हतो.

मग लीग आली, मॅट आली, बूट आले.
मातीतल्या तळव्यांना बूट म्हणजे
तोंडावर हात ठेवून बोलणं.
लिलावात माझ्या नावापुढे आकडा लागला
तेव्हा आईने विचारलं, सोडवायचं कधी?
तिला वाटलं, गहाण ठेवलंय.

तीन हंगाम.
पाटण्याच्या हॉटेलात टबभर बर्फात बसून
मी घरी फोन करायचो, दात वाजायचे,
बायको म्हणायची, रेंज नीट नाही तुमच्याकडे.
तिसऱ्या हंगामात डाव्या कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला,
विशीतलं पोर, मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती.
मी वळलो. पाय वळला नाही.

पुढच्या लिलावात नाव पुकारलं,
कुणी हात वर केला नाही.
टीव्हीवर तेवढा वेळ माझा फोटो होता, हसरा.
आई म्हणाली, बरं झालं, सुटलास.

प्रशिक्षकाचा कोर्स केला, सहा आठवडे.
वहीत लिहून घेतलं: खेळाडूला त्याच्या भाषेत सांगावं.
पहिल्या दिवशी पोरींना म्हणालो, इथून उडी मारायची.
कधी? रेश्माने विचारलं.
कधी!
ते पायाला ठाऊक होतं,
आणि पाय आता चाळीचा जिना
कठडा धरून उतरतो.

परवा प्रभादेवीला सामना. एका गुणाने मागे,
शेवटची चढाई, रेश्मा आत गेली.
पंचांनी मला आधीच हिरवं कार्ड दाखवलेलं,
बाकावरून ओरडायचं नाही.
मग मी तिच्याबरोबर दम धरला.
ओठ मिटून, की मिटले असं मला वाटलं.
घड्याळ बघत होतो.
सतराव्या सेकंदाला माझी छाती रिकामी झाली,
ती अजून म्हणत होती.

निदान रेषेपलीकडे पकडली तिला. चार जणी अंगावर,
त्या ढिगाखालून तो शब्द येतच होता,
दाबलेला, चिरका, पण सलग.
आणि एक हात मॅटवरून पुढे सरकत होता,
टोपल्या उचलणारा.
रेषेला दोन बोटं कमी पडली.
शिट्टी.

व्हॅनमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.
मला वाटलं, आता विचारणार, सर, मी कुठे चुकले,
आणि मी वहीतलं काहीतरी आठवू लागलो.
ती म्हणाली, सर, तुम्ही तोंड का हलवत होता?
सगळ्या खिदळल्या.
खोकला, म्हणालो.

मागच्या सीटवरून कुणीतरी
खडीसाखरेचा खडा पुढे पाठवला,
हातोहात, चुन्याने माखलेल्या बोटांतून.
तो गालात धरला.
लालबाग येईपर्यंत
मला बोलावं लागलं नाही.